जुन्या बी४५० मदरबोर्डवर रायझन ७ ५७००एक्स३डी : एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

डिसेंबर २०२४ मध्ये मी माझ्या गेमिंग संगणकातला एएमडी कंपनीचा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर काढून त्या जागी रायझन ७ ५७००एक्स३डी बसवला. मदरबोर्ड तोच बी४५०, रॅम तीच १६ जीबी डीडीआर४, ग्राफिक्स कार्डही तेच १२ जीबीचे आरटीएक्स ३०६०; प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर एवढ्याच दोन गोष्टी नव्या. नागपूरचा एक पूर्ण उन्हाळा या जोडणीने काढल्यावरच तिच्याविषयी लिहायचे असे मी ठरवले होते, कारण जानेवारीतल्या गार खोलीत घेतलेल्या नोंदींवरून मे महिन्यातल्या दुपारी काय होईल ते सांगता येत नाही.

आधी तक्रार काय होती ते सांगतो. माझा मॉनिटर १०८०पी आणि १४४ हर्ट्झचा आहे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा, म्हणजे फ्रेम्सचा, सरासरी आकडा पाहिला तर तो वाईट म्हणण्यासारखा नव्हता. पण धुराचे दोन-तीन गोळे एकदम फुटले आणि समोरून चार जण आले, की चित्र एका क्षणासाठी अडखळत असे, आणि नेमबाजीच्या खेळात तोच क्षण मोलाचा असतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोठ्या विमानतळावर उतरताना हाच प्रकार अधिक ठळकपणे दिसे. सिटीज : स्कायलाइन्समध्ये शहर वाढत गेले की वेळ पुढे सरकवण्याचा वेग कितीही वाढवला तरी रस्त्यावरच्या गाड्या संथच चालत.

अशा वेळी बहुतेक जण ग्राफिक्स कार्ड बदलायला निघतात. मीही त्याच विचारात होतो, पण पैसे खर्च करण्याआधी दोन संध्याकाळी नुसती तपासणी केली. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजणीचे सॉफ्टवेअर लावून खेळताना कार्डाचा वापर पाहिला, तर अडखळण्याच्या जागी तो साठ-पासष्ट टक्क्यांवर उतरत होता. म्हणजे कार्ड रिकामे बसून पुढच्या फ्रेमची वाट पाहत होते. मग खेळाचे रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणले. कार्डावरचे काम निम्म्याहून कमी झाले, तरी फ्रेम्स जवळजवळ वाढल्या नाहीत. ज्याला प्रोसेसर बदलायचा की कार्ड, असा प्रश्न पडला आहे त्याने ही एवढी चाचणी जरूर करावी. रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम्स भराभर वाढल्या तर अडचण कार्डाची आहे, आणि जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नये. माझ्याकडे तिथे पन्नास टक्केच दिसत, कारण खेळाचे मुख्य काम एक-दोन थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या कामाच्या एक-दोन रांगांवर, येऊन पडते. ते थ्रेड दमलेले असतात आणि उरलेले मोकळे, त्यामुळे सरासरी फसवी निघते.

रॅमचाही उल्लेख केला, कारण ओळखीच्या दोन संगणकांत ३२०० वेगाची रॅम वर्षानुवर्षे २१३३ च्या वेगाने चालताना मी पाहिली आहे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये, एक्सएमपी ही रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय सुरू केलेलीच नव्हती. हा फुकटचा उपाय करून पाहिल्याशिवाय कोणीही नव्या प्रोसेसरवर रुपया खर्च करू नये.

आता पर्यायांकडे वळतो. एएम४ हे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, ज्यांच्याकडे आहे ते या बाबतीत भाग्यवान आहेत, असे मी मनापासून म्हणतो. मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन याच सॉकेटवर आले आणि जानेवारी २०२४ मध्ये बाजारात आलेला ५७००एक्स३डीही याच सॉकेटवर बसतो. हे आपोआप घडलेले नाही. मे २०२० मध्ये एएमडीने ५००० मालिकेचे प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० मदरबोर्डवर चालणार नाहीत असे जाहीर केले होते. ग्राहकांनी एवढी नाराजी दाखवली की त्याच महिन्यात कंपनीने तो निर्णय फिरवला. आज माझ्या टेबलाखाली जो संगणक चालतो आहे, तो त्या वेळी भांडलेल्या ग्राहकांमुळे चालतो आहे, आणि याची जाणीव मला आहे.

नव्या एएम५ सॉकेटवर जाण्याचा हिशेबही मी कागदावर मांडला होता. तिथे डीडीआर४ चालत नाही, त्यामुळे मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम आणि प्रोसेसर अशा तिन्ही वस्तू घ्याव्या लागतात. ७८००एक्स३डी धरून बेरीज साठ हजारांच्या पुढे गेली. इंटेलचा विचार केला तरी मदरबोर्ड नवाच लागणार होता, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांमधल्या अस्थिरतेचा विषय इतका गाजला होता, कंपनीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली होती, की त्या वाटेला जाण्याचे धैर्य मला झाले नाही. उरले ते जुन्याच बोर्डवर बसणारे प्रोसेसर : रायझन ५ ५६००, रायझन ७ ५७००एक्स आणि ५७००एक्स३डी. ५८००एक्स३डी याच घराण्यातला थोरला, एप्रिल २०२२ चा आणि वेगाने थोडा सरस. पण मी घ्यायला निघालो तेव्हा तो मला कुठेच मिळाला नाही.

या प्रोसेसरांत फरक कशाने पडतो हे समजून घेण्यासाठी डब्यावरच्या गिगाहर्ट्झच्या आकड्याकडे पाहून उपयोग नाही. माझा जुना २६०० जास्तीत जास्त ३.९ गिगाहर्ट्झवर धावत होता आणि नवा ५७००एक्स३डी ४.१ वर थांबतो. आकड्यांवर गेलो असतो तर हा व्यवहार मूर्खपणाचा ठरला असता. खरा फरक कॅशमध्ये आहे. प्रोसेसरला लागणारी माहिती कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्याच छोट्या पण वेगवान साठ्यात, सापडली नाही तर ती रॅममधून आणावी लागते, आणि त्या फेरीला कॅशच्या कित्येक पट वेळ लागतो. स्वयंपाक करताना हाताशी मिसळणाचा डबा असणे आणि प्रत्येक चिमटीसाठी कोठीच्या खोलीत जाऊन येणे, यात जो फरक तोच इथे आहे. २६०० मध्ये एकूण १६ एमबी एल३ कॅश होती, तीही तीन-तीन कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणना करणाऱ्या भागांच्या) दोन गटांत आठ-आठ अशी विभागलेली, म्हणजे एका कोअरच्या हाताशी प्रत्यक्षात ८ एमबीच. ५६०० आणि ५७००एक्समध्ये सगळे कोअर मिळून ३२ एमबीचा एकच साठा वापरतात. एक्स३डीमध्ये त्या ३२ एमबीच्या डोक्यावर आणखी ६४ एमबीचा थर चढवलेला असतो आणि एकूण ९६ एमबी होते. एका कोअरच्या आवाक्यातली कॅश ८ वरून ९६ वर जाणे म्हणजे बारा पट. ज्या खेळांत शेकडो-हजारो वस्तूंचा हिशेब दर फ्रेमला नव्याने करावा लागतो, म्हणजे शहर उभारणीचे, विमान चालवण्याचे, मोटार शर्यतींचे खेळ, त्यांना याचा सर्वाधिक लाभ होतो.

हा थर वर असल्याने उष्णता बाहेर पडायला अडथळा येतो आणि जास्त व्होल्टेजही त्याला मानवत नाही, म्हणून घड्याळाचा वेग कमी ठेवलेला असतो आणि नेहमीच्या पद्धतीने गुणक वाढवून ओव्हरक्लॉक करण्याची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, सोय दिलेली नाही. ज्याला बायोसमध्ये आकडे हलवत बसण्याची हौस आहे, त्याने हे आधीच ध्यानात घ्यावे. मला ती हौस नाही.

खरेदीचा अनुभव थोडा तपशिलाने सांगावासा वाटतो, कारण इथे अनेकांची फसगत होऊ शकते. पहिल्या दुकानात मी ५७००एक्स३डी मागितला. काउंटरवरच्या माणसाने कपाटातून एक डबा काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, हाच घ्या, सात हजारांनी स्वस्त पडते. दोन्ही एकच आहे, फक्त नाव वेगळं." डब्यावर रायझन ७ ५७०० एवढेच लिहिलेले होते. हे दोन्ही एक नाहीत. इतकेच काय, ५७०० आणि ५७००एक्स हेही एक नाहीत. नुसता ५७०० हा मुळात अंगभूत ग्राफिक्स असलेल्या ५७००जीच्या जातीचा प्रोसेसर आहे. त्यातले ग्राफिक्स बंद केलेले असतात, एल३ कॅश १६ एमबीच असते आणि ग्राफिक्स कार्डाला जोडणारे पीसीआयई चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीचे असते. रायझन ५ ५५०० ची गतही तीच. तो ५६०० चा धाकटा भाऊ वाटतो, पण त्याचे कूळ वेगळे. नावाच्या शेवटी एक्स३डी एवढाच फरक आणि कॅशमध्ये सहा पट अंतर, असे नामकरण करणाऱ्या कंपनीने ग्राहकाचा विचार केलेला नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दुकानदाराला हा फरक ठाऊक होता की नव्हता, ते मला कळले नाही. मी डबा परत केला.

दुसऱ्या दुकानात हवा तो प्रोसेसर होता, पण डब्याविना, प्लास्टिकच्या पारदर्शक खोक्यात, म्हणजे ज्याला बाजारात ट्रे प्रोसेसर म्हणतात तो. किंमत दोन हजारांनी कमी. डबाबंद प्रोसेसरला एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी मिळते. ट्रेमधल्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते, आणि ती त्याच्या बिलावर जे लिहिलेले असेल तेवढीच. त्या बिलावर एक वर्ष लिहून मिळणार होते. मी तेही नाकारले आणि शेवटी डबाबंद माल, जीएसटीच्या पक्क्या बिलासह, सुमारे २३,००० रुपयांना घेतला. डब्यात कूलर येत नाही, त्यामुळे १२० मिलिमीटर पंख्याचा साधा सिंगल टॉवर कूलर आणि थर्मल पेस्टची नळी वेगळी घ्यावी लागली. अमेरिकेत बाजारात येताना या प्रोसेसरची किंमत २४९ डॉलर होती. तो विचार करता मला दिलेली रक्कम अवाजवी वाटली नाही.

बसवण्याच्या कामात सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा प्रोसेसरला हात लावण्याआधीच येतो. बहुतेक बी४५० बोर्डांवर ५००० मालिका ओळखणारे बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच भरून घ्यावे लागते. आधी नवा बसवला आणि मग आठवले, तर पडदा काळाच राहतो. मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलच्या पानावर प्रोसेसरांची यादी असते, तीत ५७००एक्स३डीसमोर बायोसची कोणती आवृत्ती लिहिली आहे ते पाहावे, ती किंवा त्यानंतरची फाइल फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि बायोसमधूनच भरावी. अनेक बी४५० बोर्डांवरची बायोसची चिप १६ एमबीचीच असल्यामुळे नव्या आवृत्तीत काही फार जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकलेला असतो, म्हणून सूचना पूर्ण वाचाव्यात. आणि हे काम यूपीएसवर करावे. भरणे चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याची भीती खरी आहे. आमच्याकडे संध्याकाळी एक-दोनदा वीज लपंडाव खेळते, म्हणून मी पहाटे उठून हे काम उरकले.

एएम४ मध्ये १,३३१ पिना प्रोसेसरलाच असतात. जुनी थर्मल पेस्ट सुकून घट्ट झालेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर त्याच्यासोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मी पंधरा मिनिटे एक खेळ चालवून पेस्ट गरम होऊ दिली, संगणक बंद करून वायर काढली, कर्णरेषेतले स्क्रू आळीपाळीने सैल केले आणि कूलर वर न ओढता डावी-उजवीकडे हळूहळू फिरवला. तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला तो सुटला. खाली पेस्ट वाळलेल्या चिखलासारखी भेगाळलेली होती. नवा प्रोसेसर ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, की तो आपल्या वजनानेच खाली बसतो. बोटाने दाबावे लागत असेल तर थांबावे.

पहिल्यांदा सुरू केल्यावर एफटीपीएमविषयी (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या किल्ल्या जपणाऱ्या सोयीविषयी) एक सूचना पडद्यावर येते आणि वाय की एन असे विचारते. ज्यांच्या ड्राइव्हवर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप चालू आहे त्यांनी त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवलेली असावी, नाहीतर स्वतःच्याच फायली उघडता येणार नाहीत. माझ्याकडे ती होती. त्यानंतर एक्सएमपी सुरू केले. २६०० ची अधिकृत मर्यादा २९३३ होती आणि तेवढ्यावरच मी रॅम चालवत होतो, ती आता पूर्ण ३२०० वर स्थिर चालते.

आता फळाविषयी. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सरासरी दीडपटीहून अधिक वाढली, पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. खेळणारे ज्याला एक टक्का लो म्हणतात, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सचा वेग, तो आता आधीच्या सरासरीच्या आसपास आहे. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला दर सात मिलिसेकंदांच्या आत एक फ्रेम लागते, आणि धुरातही ती आता वेळेवर येते. त्या खेळात मी फार तरबेज झालो असे नाही, पण हरल्यावर दोष संगणकाला देता येत नाही. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमानतळावरचे अडखळणे जवळजवळ गेले. मुंबईच्या धावपट्टीवर उतरताना इमारतींची दाटी खिडकीतून सरकत जाते आणि चित्र थबकत नाही, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी त्याच धावपट्टीवर सलग तीन वेळा उतरलो. स्कायलाइन्समधले मोठे शहर आता तिसऱ्या वेगावर खरोखर वेगाने चालते.

सायबरपंक २०७७ मध्ये मात्र, उच्च दर्जाच्या ग्राफिक्सवर, सरासरी जवळपास जिथे होती तिथेच राहिली. गर्दीच्या बाजारातून जाताना हालचाल अधिक सलग वाटते एवढेच. तिथे कार्ड आधीच पूर्ण क्षमतेने राबत होते, आणि प्रोसेसर कितीही चांगला आणला तरी ३०६० चे काम ३०६० लाच करावे लागते. ज्यांचे खेळ मुख्यतः या प्रकारचे, एकट्याने खेळायचे आणि चित्रसंपन्न आहेत, त्यांना मी ५७००एक्स३डी सुचवणार नाही. त्यांच्यासाठी ५६०० पुरेसा आहे. मी खरेदी केली तेव्हा तो जवळपास निम्म्या किमतीत मिळत होता, डब्यातच कूलर येतो, आणि वाचलेले दहा हजार चांगल्या कार्डासाठी बाजूला ठेवता आले असते. माझ्या भाच्याला मी तेच घ्यायला लावले, आणि त्याच्या आरएक्स ६६०० कार्डाबरोबर तो प्रोसेसर सुखात चालतो आहे. ५७००एक्सची जागा मला मधल्यामध्ये अडकलेली वाटते : व्हिडिओ संपादन किंवा स्ट्रीमिंग करणाऱ्याला आठ कोअरचा उपयोग आहे, नुसते खेळणाऱ्याला नाही.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलावा लागला नाही. कागदावर ६५ वॅटवरून १०५ वॅट झाले असले तरी गेम खेळताना या प्रोसेसरची प्रत्यक्ष भूक त्या आकड्याच्या बरीच खाली राहते, आणि माझा ५५० वॅटचा एसएमपीएस निर्धास्त आहे.

राहिला उन्हाळा. या प्रोसेसरची तापमानाची कमाल मर्यादा ९० अंश सेल्सिअस आहे, माझ्या जुन्या २६०० पेक्षा थोडी कमी. डिसेंबर-जानेवारीत खेळताना तो साठ-पासष्ट अंशांवर असे. मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना, तो सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरपर्यंत जाई, पण वेग कमी झालेला मला एकदाही दिसला नाही. त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागल्या. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला आणखी एक पंखा लावला. दुसरी गोष्ट विदर्भातल्या वाचकांसाठी : वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर संगणक ठेवू नका. ती हवा गार असली तरी ओली असते, आणि तिच्यासोबत आलेली धूळ हीटसिंकच्या पात्यांवर लेपासारखी चिकटते. ती पुढे फुंकून निघत नाही, ब्रशने खरवडून काढावी लागते. मी टेबल खिडकीपासून आणि कूलरच्या झोतापासून आतल्या भिंतीकडे हलवले. पंख्याचा वेग बायोसमधून सत्तर अंशांपर्यंत बेताचा ठेवला आहे, त्यामुळे रात्री शेजारच्या खोलीत आवाज जात नाही.

जुना २६०० मी विकला नाही. त्याच्या पिना स्पंजमध्ये खोचून तो मूळ डब्यात ठेवला होता. जूनमध्ये एक जुना बी४५० बोर्ड ओळखीतून मिळाला, त्यावर तो बसवला. त्यात स्वतःचे ग्राफिक्स नसल्यामुळे कार्ड लागतेच, म्हणून माळ्यावरचे जीटीएक्स १०५० टीआय खाली काढले. आता पुतणी त्या संगणकावर कॉलेजचे प्रोजेक्ट करते आणि सुटीच्या दिवशी व्हॅलोरंट खेळते, आणि त्या खेळाला ते दोघे मिळून अजून पुरे पडतात.